गुडाखूची कृती आणि भेलशाचं पान

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माळव्यातल्या तंबाखूचा विषय निघाला की नाव यायचं भेलशाचं. वॉल्टर हॅमिल्टनने १८२० साली हिंदुस्थानचं जे विस्तृत भौगोलिक वर्णन छापलं, त्यातही भेलशाच्या तंबाखूची कीर्ती नोंदलेली आहे. भेलसा तेव्हा शिंद्यांच्या मुलखात होता. १९५६ पासून त्याचं नाव विदिशा. इंदूरहून भोपाळ गाठायचं आणि पुढे पन्नास-पंचावन्न किलोमीटर गेलं की विदिशा येतं. वाटेत दुतर्फा दिसतो तो गहू, हरभरा आणि पावसाळ्यात सोयाबीन. ज्या पानाने हे गाव इंग्रजांच्या पुस्तकांत पोचवलं, त्याचं रोप मला तिथे कुठे दिसलं नाही. माळव्याच्या अफूवर ग्रंथच्या ग्रंथ झाले, तंबाखूच्या वाट्याला मात्र विखुरलेल्या ओळी आल्या. हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, आणि या लेखाचं कारणही तेच.

जुनी तंबाखूची मिश्रणं घरी पुन्हा बनवून पाहणारे लोक आज युरोप-अमेरिकेत बरेच आहेत. वेगवेगळी पानं आणायची, काट्यावर तोलायची, साखरेचं किंवा दारूचं पाणी शिंपडायचं, फळ्यांमध्ये दाबून वडी करायची आणि बरणीत महिनोन्‌महिने मुरवायची. त्यांचं दैवत म्हणजे लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर आल्फ्रेड डनहिलने १९०७ साली उघडलेलं दुकान. गिऱ्हाईक यायचं, आपल्या पसंतीचं मिश्रण सांगायचं. दुकानदार ते वहीत नोंदवून त्याला क्रमांक द्यायचा. त्यातलं ९६५ क्रमांकाचं मिश्रण पुढे जगभर विकलं गेलं. म्हणजे कृती लिहून ठेवलेली, दुकान नामांकित, गिऱ्हाईक पिढीजात. तरीही १९६० सालचा डबा आणि नंतरच्या काळातला डबा एकच नव्हे, असं जुने पाइप ओढणारे ठामपणे सांगतात.

यात नुसती स्मरणरंजनाची हौस नाही. या मिश्रणांचा कणा असलेला लटाकिया तंबाखू मूळचा सीरियाचा, तिथल्या लटाकिया बंदराच्या नावाचा. पानं उन्हात वाळवून नंतर लाकूड आणि सुवासिक झुडपं जाळून त्या धुरावर ती काळी होईपर्यंत धुरवायची, ही त्याची रीत. पुढे सीरियाचा माल आटला आणि बाजारात सायप्रसचा आला. नाव तेच राहिलं, पण झाडाची जात, डोंगर आणि धुरासाठी जाळायची झुडपं बदलली. ‘थ्री नन्स’ या गाजलेल्या इंग्रजी मिश्रणात एके काळी लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्याचा पेरिक तंबाखू असे. ओली पानं पिंपात दाबून, वर्षभराहून अधिक काळ स्वतःच्याच रसात आंबवून तो करतात. पुढे त्या मिश्रणातून पेरिक गेला आणि त्याच्या जागी केंटकीचा धुरावलेला तंबाखू आला. डब्यावरचं नाव मात्र बदललं नाही.

गोड्या मसाल्याची आजीच्या हातची यादी जशीच्या तशी घेऊनही चव येत नाही, कारण दगडफूल दुसऱ्या डोंगरावरचं आणि धणे दुसऱ्या शेतातले असतात. तंबाखूत हा फरक कितीतरी पटींनी वाढतो. मसाला फार तर भाजला जातो. तंबाखूचं पान पिकतं, वाळतं, आंबतं, मुरतं, आणि दर टप्प्याला त्याचं रसायन पालटतं. बंद भट्टीत गरम हवेवर पाच-सात दिवसांत वाळवलेलं व्हर्जिनिया पान पिवळं राहतं, कारण त्यातली साखर टिकते. तेच पान सावलीत हवेवर आठवडेच्या आठवडे टांगलं तर साखर संपते आणि ते तपकिरी होतं. पहिल्याचा धूर आम्लाकडे झुकतो, दुसऱ्याचा क्षाराकडे. क्षाराच्या धुरात निकोटीन मोकळं होतं आणि घशाला झोंबतं. भट्टीवर वाळवण्याची ही पिवळी रीत १८३९ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या स्लेड यांच्या मळ्यावर स्टीफन नावाच्या गुलामाच्या हातून सापडली असं सांगतात. अब्जावधींच्या सिगारेट व्यापाराचा पाया त्या माणसाच्या हातून घातला गेला, आणि आपल्यापर्यंत त्याचं नुसतं पहिलं नाव पोचलं.

आपल्याकडची गोष्ट हुक्क्याची. अकबराच्या दरबारात तंबाखू पोचला तोच मुळी दख्खनमधून. शाहजादा दानियालसाठी विजापूरच्या आदिलशाही राजकन्येला आणायला गेलेला असद बेग १६०४ च्या सुमारास परतला, तो रत्नजडित नळी आणि तंबाखू घेऊन. बादशहाने झुरका घेतला, हकिमांत वाद झाला, आणि दरबारी मंडळींनी मात्र तंबाखू उचलून धरला. जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. ती किती पाळली गेली हे पुढच्या दोनशे वर्षांच्या चित्रांतले हुक्केच सांगतात. बिदरच्या कारागिरांनी काळ्या धातूवर चांदीची वेल उतरवलेली हुक्क्याची भांडी आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. भांडी जपली गेली, पण त्यांच्या चिलमीत काय भरत होते ते आपण जपलं नाही.

भरत होते गुडाखू. पाइपमधलं पान स्वतः जळतं, म्हणून त्याची कात्रण आणि ओल नेमकी लागते. हुक्क्यात तसं नसतं. चिलमीत गुडाखूचा गोळा, त्यावर मातीचा तवा, तव्यावर निखारे. तंबाखू जळण्याऐवजी भाजला जातो, त्यातली काकवी तापते आणि ओलसर गोड धूर नळीतून पाण्यात उतरतो. पाइपच्या मिश्रणाची कृती म्हणूनच चिलमीला लागू पडत नाही, आणि इंग्रजी पुस्तकं वाचून गुडाखू करू पाहणारे पहिल्याच पायरीला अडतात.

कृती कागदावर साधी आहे. वाळकं पान देठांसकट कुटायचं. त्यात साधारण बरोबरीने काकवी किंवा मळी घालून उखळात पुन्हा कुटायचं. मूठ दाबली की गोळा व्हावा आणि हाताला फार चिकटू नये, इतकं. काही ठिकाणी सज्जीखार घालत. त्याने तंबाखूला जोर येतो, कारण क्षाराने निकोटीन सुटं होतं. हा झाला साधा माल. खमिरा म्हणजे त्याच्या वरची पायरी: फणस, केळं, बोर, अननस अशी पिकली फळं कालवून, वर सुगंधी मसाले घालून, मातीच्या मडक्यात तोंड लिंपून आंबवलेला. कडू, गोड आणि दोन्हींच्या मधला दोरसा असे त्याचे बाजारात प्रकार असत. लखनौ त्यासाठी विशेष नावाजलेलं.

या मसाल्याचा भाग मी इंदुरात करून पाहिला, तंबाखूचं पान न घालता. सियागंजच्या बाजारात जटामांसी, नागरमोथा, वाळा, कचोरा, चंदनाचा भुसा, गुलाबाच्या पाकळ्या सहज मिळाल्या. यादी हातात घेतल्यावर लक्षात येतं की तिच्यातला मोठा भाग आपल्या दिवाळीच्या उटण्यातलाच आहे. पिकलं केळं आणि बोरं काकवीत कालवली, मसाला घातला, मडक्याचं तोंड कणकेने बंद केलं. उघडलं तेव्हा आधी आंबूस भपका आला, मग खालून जटामांसीचा ओला, मुळासारखा वास, आणि बराच वेळ हवेवर ठेवल्यावर वाळ्याचा थंडावा. सुगंध उत्तम जमला होता, पण त्याला आधार नव्हता. ज्या कडवट, जड पानाच्या जोरावर हे सगळं तोललं जायचं ते पान मडक्यात नव्हतं, आणि बाजारातलं कुठलंही पान आणून घातलं असतं तरी ते भेलशाचं झालं नसतं.

इथे इंदूरच्या इतिहासातली एक गोष्ट उपयोगी पडते. सर अल्बर्ट हॉवर्ड आपल्याला माहीत आहेत ते कंपोस्ट खताच्या ‘इंदूर पद्धती’मुळे. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर त्यांनी वनस्पती उद्योग संस्था उभी केली. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागी आहे. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेले गांधीजी तिथलं खत पाहून गेले. पण इंदूरला येण्याआधी अल्बर्ट आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड बिहारमधल्या पुसा इथे होते, आणि १९१० साली या दोघांनी हिंदुस्थानी तंबाखूवर दोन निबंध प्रसिद्ध केले. देशभरातून आणलेल्या बियांची रोपं लावून, पानाची ठेवण, फुलाचा रंग, वाढीचा काळ पाहत त्यांनी निकोटियाना टॅबॅकमचे ५१ आणि निकोटियाना रस्टिकाचे २० प्रकार वेगळे केले. रस्टिका म्हणजे उत्तरेतला हुक्क्याचा तिखट तंबाखू, ज्याला विलायती किंवा कलकत्तिया म्हणत. पान जाड आणि आखूड, फूल पिवळसर.

मला या निबंधांचं मोल फार वाटतं. तंबाखूच्या झाडात परागीकरण बरंचसं आपल्या आपणच होतं, पण शेजारच्या झाडाचा परागही अधूनमधून लागतो. म्हणून शुद्ध बी हवं असेल तर फुलांवर पिशव्या बांधाव्या लागतात. हॉवर्ड दांपत्याने हे वर्षानुवर्षं केलं. शेतकऱ्याच्या शेतात हे कोण करणार? बाजूच्या शेतात दुसरा वाण आला की गावाचा नामांकित तंबाखू काही पिढ्यांत मिसळून जातो, आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्यांचा दुसरा आग्रह मातीचा होता. जमिनीत हवा किती खेळते यावर पिकाचा दर्जा ठरतो. त्यामुळे एकाच बियाचं पान दोन गावांत दोन तऱ्हेचं निघतं. पुसाला निवडलेला २८ क्रमांकाचा प्रकार बिहारमध्ये खूप पसरला, तो सिगारेटला चालणाऱ्या पानासाठी. बाजाराला हवं ते पान वाढलं. हुक्का मागे पडला तशी त्याची पानंही मागे पडली.

तेव्हा भेलशाचं पान घरी पुन्हा उभं करायचं म्हटलं तर तीन गोष्टी हव्यात: बी, माती आणि वाळवण्याची रीत. माती जागेवर आहे. रीत काही अंशी नोंदींवरून जुळवता येईल. बी हीच खरी अडचण. आंध्रातल्या राजमहेंद्रीला १९४७ साली केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था म्हणून स्थापन झालेल्या संस्थेत देशभरच्या वाणांचा संग्रह आहे. माळव्यातून गेलेलं एखादं बी तिथे असेल तर ते शोधण्याचं काम इंदूरच्या कृषी महाविद्यालयाने हाती घ्यावं. हे काम नादिष्ट माणसाने बरणीत करण्याचं नव्हे.

आणि ओढण्यासाठी तर मुळीच नव्हे. मी तंबाखू ओढत नाही. कोणी ओढावा असंही मला वाटत नाही. पाण्यातून आला की धूर निवळतो ही समजूत साफ चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ सालच्या सूचनापत्रात म्हटलं आहे की तासभराच्या हुक्क्यात एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर आत जातो. ओलं पान हाताळलं तरी निकोटीन कातडीतून शरीरात शिरतं. मळमळ, चक्कर, उलट्या होतात. घरी मिश्रणं करणाऱ्यांच्या लेखनात ही बाजू फारशी येत नाही. निपाणीच्या वखारींत विडीच्या तंबाखूचा खकाणा छातीत घेत राबणाऱ्या मराठी बायकांना ती कोणी शिकवायला नको. १९८० च्या सुमारास त्या संघटित झाल्या, आणि ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने त्यांच्या लढ्यावर ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी भावासाठी आंदोलन केलं, त्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. तंबाखूच्या सुगंधाचा इतिहास लिहिताना या माणसांना वगळलं तर तो इतिहास खोटा ठरेल. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आणली, देशात सर्वांत आधी. ती मला योग्यच वाटते.

तरीही एखादं पीक, त्याचं बी आणि त्याभोवतीचं कसब कसं नाहीसं झालं हे जाणून घ्यायला धूर काढावा लागत नाही. त्यासाठी कागद लागतात, आणि ते अजून घरांत आहेत अशी माझी खात्री आहे. इंदूर, देवास, धार, उज्जैन, ग्वाल्हेर इथल्या मराठी घरांत मोडीतले खर्डे, कोठीचे हिशेब, अत्तराच्या आणि तंबाखूच्या याद्या पेट्यांतून पडून असतील. आपल्या घरात असं काही असेल तर रद्दीत घालण्याआधी त्याचे फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा. तंबाखू किंवा गुडाखू असा शब्द आढळला तर शेजारी कोणत्या गावाचं नाव आहे, भाव काय लावला आहे आणि माल कोणत्या महिन्यात आला, एवढं टिपून ठेवा. नक्कल पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे किंवा सीतामऊच्या नटनागर शोध संस्थानाकडे पाठवा. भेलशाचं नाव एखाद्या यादीत निघालं, तर मलाही कळवा.