ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात अनारसे

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि लष्कर हे शहर वसले. तिथल्या मराठी घरांत आजही अनारसे होतात. ग्वाल्हेरचे हलवाई पावसाळ्यात तिळात घोळलेले गोल अंदरसे तळतात. मराठी अनारसा मात्र चपटा, जाळीदार, खसखस लावलेला.

कृती सांगते, तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. दिवाळीच्या गारव्यात हे ठीक. पण जावयाला ३३ अनारशांचे वाण अधिक मासात द्यायचे असते, आणि अधिक मास ऋतू पाहून येत नाही. २०१८ मध्ये तो ज्येष्ठात आला, २०२६ मध्येही ज्येष्ठातच. म्हणजे ऐन मे-जूनमध्ये, ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांकडे झेपावतो तेव्हा. अशा वेळी ‘तीन दिवस’ हे माप डोळे मिटून पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पातेल्यातला दाणा पहिल्या काही तासांतच पोटभर पाणी पितो. पुढचा वेळ जिवाणूंचा. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात, पाणी आंबूस होते, बुडबुडे येतात आणि दाण्यातली प्रथिने व स्टार्च यांची वीण सैल होते. तापमान दहा अंशांनी चढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. उकाड्यात नको ते जिवाणूही माजतात, म्हणून पाणी दिवसातून दोनदा बदलावे. दाणा चिमटीत दाबून पाहावा. त्याचा भुगा झाला की तांदूळ तयार. भिजवण्याचे माप सगळीकडे तीन दिवसांचे नसतेच: कोरियात यूग्वा या तळलेल्या मिठाईसाठी चिकट तांदूळ आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त भिजवून आंबवतात.

भिजलेले तांदूळ निथळून पंचावर सावलीत पसरले की ग्वाल्हेरच्या लूमध्ये, म्हणजे उष्ण वाऱ्यात, बघता बघता कडकडीत होतात. तसे होऊ देऊ नये. अनारशात वरून पाणी घालत नाहीत. पिठातल्याच ओलाव्याने गूळ विरघळतो. दळलेल्या पिठाचा मुठीत मुटका वळला पाहिजे. गुळात मळलेला गोळा मात्र उन्हाळ्यातही सहसा टिकतो, कारण गूळ पाणी धरून ठेवतो आणि जिवाणूंना ते मिळत नाही.

तांदळात ग्लुटेन नाही. अनारशाला सांधतो तो गूळ आणि तळताना फुगणारा स्टार्च. ओलावा वाफ होऊन बाहेर पडतो, त्याच्या वाटा म्हणजे जाळी. गूळ चटकन करपतो, म्हणून आच मंद. खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, झाऱ्याने तूप उडवत तळायचे. गूळ किंवा ओलावा जास्त झाला तर स्टार्चने पकड घेण्याआधीच पाक पातळ होतो आणि अनारसा तुपात हसतो, विखरून पसरतो. मग पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळावी आणि आधी एकच अनारसा सोडून पाहावा.