कुशल कलम कारागीर मन लावत नसेल तर...

रोपवाटिकाधारक बंधूंनो, आंब्याची कोय कलमे बांधणारा चांगला हात सहजासहजी मिळत नाही. रोपाची पाने तांबूस, कोवळी आहेत तोवरच बांधणी झाली पाहिजे. कारागिराने चालढकल केली की रोपे जून होतात. आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. आधी आपला व्यवहार तपासावा. मजुरी बांधलेल्या नगावर असेल तर तो घाई करणारच. काडी नीट बसली काय, पट्टी सैल राहिली काय, पैसे तेवढेच!

यासाठी बांधणीची मजुरी रोज चुकती करून, फूट आल्यावर जगलेल्या कलमांमागे वेगळी रक्कम द्यावी. दर हंगामापूर्वीच ठरवावा. प्रत्येकाच्या पिशव्यांची रांग वेगळी ठेवावी. मात्र सुकलेल्या काड्या आपणच पुरवून मर त्याच्या माथी मारू नये. जाणता कारागीर याच गोष्टीने खट्टू होतो. काड्या कोणत्या झाडाच्या घ्याव्यात, हे त्यालाच विचारावे.

तरीही फरक पडला नाही, तर एकट्याला बाजूला घेऊन स्पष्ट बोलावे. उचल फिटायची आहे म्हणून अडकवून ठेवू नये. हिशेब करून मोकळे करावे आणि घरातल्या मुलामुलींना आतापासूनच चाकू धरायला शिकवावे.