बोटं दहा, अंगठे दोन

जेईई मेन कॉम्प्युटरवर होते, पण परीक्षेत कीबोर्डला हात लावायचा नसतो. उत्तर संख्येत द्यायचं असलं तरी पडद्यावरच्या आकड्यांवर माउसनं टिचक्या मारायच्या. म्हणजे लातूरच्या ट्यूशन एरियात पोरं ज्या परीक्षेसाठी रात्री जागतात, तिथं कीबोर्डला काडीचं काम नाही. तरीही 'अभ्यासाला लागतो' या एका वाक्यावर नांदेड-लातूरच्या घराघरांत कीबोर्ड शिरला आणि गेमचा रिमोट दारातच अडला. (कंट्रोलर हा शब्द दुकानदारासाठी. पोरांच्या तोंडी रिमोटच.) हा निकाल खेळाच्या मैदानात लागलेला नाही, हे रिमोटच्या बाजूनं आधीच सांगून ठेवतो.

कोपर दुखलं म्हणून

१९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या पोरांनी पीडीपी-१ नावाच्या कपाटाएवढ्या कॉम्प्युटरवर 'स्पेसवॉर' हा गेम केला. खेळायचं ते मशीनवरचे छोटे खटके वरखाली करून. त्यात कोपरं भरून यायची. मग त्यांनी सुटे खटके जोडून हातात धरायचे वेगळे डबे बनवले. रिमोटचे पणजोबा म्हणायचे ते हेच. आज अंगठ्याखाली असतं ते अधिक चिन्हाचं बटण मात्र बरंच पुढचं. निंटेंडोच्या गुनपेई योकोई यांनी ते १९८२ च्या हातातल्या 'डाँकी काँग' गेमसाठी काढलं.

अभ्यासाच्या नावानं

निंटेंडोचा फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानात आला. पुढच्याच वर्षी कंपनीनं त्याला चक्क कीबोर्ड काढला, पोरांनी बेसिक या भाषेत प्रोग्रॅम लिहावेत म्हणून. हा जोड जपानाबाहेर कंपनीनं विकला नाही. नकला करणाऱ्यांनी मात्र तो धागा बरोबर पकडला. कीबोर्डच्याच पोटात फॅमिकॉमची नक्कल, वर कॅसेटची खाच, बाजूला दोन रिमोट आणि एखादी पिस्तूल. टीव्हीला जोडला की झाला 'कॉम्प्युटर'. कॅसेटमध्ये टायपिंगचे धडे असायचे आणि त्यांच्या शेजारीच मारिओ. धडे कुणी किती गिरवले ते कॅसेटलाच ठाऊक. रिमोटला घरात घ्यायचं तर त्याला कीबोर्डचं बोट धरून यावं लागायचं, एवढं खरं.

त्या पिस्तुलाची गंमत वेगळीच. तिच्यातून काहीच सुटत नाही, उलट तीच बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि पिस्तुलातला डोळा तो टिपतो. म्हणूनच डबडा टीव्ही गेला आणि एलईडी आला, तशी ती पिस्तूल मुकी झाली. तिचं गणित जुन्या काचेच्या नळीच्या वेगावर बसवलेलं होतं.

सोळा रस्ते

आता मुख्य भांडण. कीबोर्डची कळ एक तर दाबलेली असते नाही तर सोडलेली. मधलं काही नाही. डब्ल्यू-ए-एस-डी या चार कळांच्या जोड्या लावून फार तर आठ दिशा मिळतात. लातूरच्या गंजगोलाई चौकातून सोळा रस्ते फुटतात. तिथं मधोमध उभं राहून गेममधल्यासारखं चालायचं ठरवलं, तर कीबोर्डवाल्याला निम्मे रस्ते दिसणारच नाहीत. रिमोटवर अंगठ्यानं हवी तिकडं ढकलायची काडी असते, तिला सोळाही रस्ते मोकळे. शिवाय थोडी ढकलली की माणूस रमतगमत चालतो आणि पूर्ण ढकलली की पळत सुटतो. गाडीच्या गेममध्ये कीबोर्डवाला वळणावर टक-टक-टक करतो ते यासाठीच. अर्धं वळण कळीला येत नाही, म्हणून तो त्याचे तुकडे करून देतो.

याची सर्वांत मोठी किंमत आपण क्रिकेटमध्ये मोजली. ईए कंपनीच्या 'क्रिकेट ०७' ची खासियत होती 'सेंच्युरी स्टिक'. एका काडीनं पाय पुढे-मागे न्यायचे आणि दुसरीनं फटका कुठं मारायचा ते ठरवायचं. आपल्याकडं हा गेम गल्लोगल्ली खेळला गेला, आणि बहुतेकांनी तो कीबोर्डवर बडवला. ज्या गोष्टीची जाहिरात होती, ती वगळून.

नेम धरायची वेळ आली की मात्र रिमोट हरतो. माउस जितका सरकवाल तितका नेम सरकतो आणि हात थांबला की नेमही थांबतो. काडी जागा ठरवत नाही, वेग ठरवते. ढकलून धरली तर नेम सरकतच राहतो आणि नेमक्या क्षणी सोडावी लागते. म्हणून रिमोटवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये शत्रूजवळ आलेला नेम गेम स्वतःच जरा ओढून घेतो. त्याला एम असिस्ट म्हणतात. कीबोर्डवाले त्याला सरळ कॉपी म्हणतात, आणि परीक्षांच्या गावात हा शब्द हलका नाही.

फेरारी आणि करंगळी

डब्ल्यू-ए-एस-डी जगभर रूढ होण्यात डेनिस 'थ्रेश' फाँग याचा मोठा हात. १९९७ मध्ये 'क्वेक'ची स्पर्धा जिंकून त्यानं गेमचा निर्माता जॉन कारमॅक याची लाल फेरारी ३२८ घरी नेली. त्याची बोटं जिथं असायची तिथं मग सगळ्यांची गेली.

इथंच टायपिंगच्या क्लासचा आणि गेमचा काडीमोड होतो. लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेसाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो, आणि क्लासमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात की ए वर करंगळी. गेममध्ये ए वर येते अनामिका. करंगळीला शिफ्ट आणि कंट्रोल सांभाळायचे असतात. एका बोटाची ही सरक भल्याभल्यांचा वेग घालवते. आणि ज्याच्या कॉम्प्युटरवर चुकून मराठी इनस्क्रिप्ट चालू राहिलं, त्यानं या चार कळा दाबून बघाव्यात. दोन मात्रेचा ऐ, काना-मात्रेचा ओ, एक मात्रेचा ए आणि हलन्त, एवढंच उमटतं. अक्षर एकही नाही!

मुस्तफाचा ठोसा कुठं गेला?

कॅपकॉमच्या १९९३ च्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण आपल्याकडं पिवळ्या टोपीतल्या पात्रावरून तो 'मुस्तफा' झाला. कॉम्प्युटरवर दोघं जण एकाच कीबोर्डवर चिकटून खेळायचे, आणि ऐन मारामारीत एकाची कळ चालायची नाही. मग "तू मुद्दाम दाबून धरू लालास" इथपासून बात सुरू व्हायची.

दोष मित्राचा नव्हता. स्वस्त कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते. आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. त्या जाळीतल्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले की चौथाही दाबल्यासारखा भासतो. तो घोळ टाळायला कीबोर्ड तिसरी कळ मोजतच नाही. शिफ्ट, कंट्रोल, आल्ट यांची जोडणी सहसा वेगळी असते, त्या अडकत नाहीत. आणि असले गेम चालवणाऱ्या 'मेम'मध्ये मुळातलीच मांडणी अशी, की पहिल्या खेळाडूचे ठोसे कंट्रोल-आल्टवर आणि दुसऱ्याचे ए-एसवर. दोन नंबरवाला रडायचा ते उगाच नाही.

'व्हाइस सिटी' या गेममध्ये मात्र कीबोर्डची चैन होती. PANZER ही सहा अक्षरं, म्हणजे पँझर, टाइप केली की समोर रणगाडा. प्लेस्टेशनवाल्याला त्याच रणगाड्यासाठी बटणांची लांबलचक माळ तोंडपाठ करावी लागायची.

आता दोघेही बाहेर

रिमोटला प्रतिष्ठा मिळाली ती भलतीकडंच. अमेरिकी नौदलाच्या 'यूएसएस कोलोरॅडो' या २०१८ मध्ये दाखल झालेल्या पाणबुडीत बाहेरचं बघायचा कॅमेरा एक्सबॉक्सच्या रिमोटनं फिरवतात. आधीचा दांडा त्याच्या पॅनेलसकट सुमारे ३८,००० डॉलरचा होता, हा ३० डॉलरच्या आसपास. पोरांनी आईबापाला पटवायला याहून चांगला दाखला नाही.

पण पटवायची गरजच राहिली नाही. जिओनंतर गेम मोबाइलमध्ये गेला आणि दहा बोटांचं काम दोन अंगठ्यांवर आलं. २ सप्टेंबर २०२० ला पब्जीवर बंदी आली, ११८ ॲपच्या यादीत, तोवर नांदेडच्या वजिराबादेत काय अन् लातूरच्या औसा रोडवर काय, मोबाइलला लावायचे चिमटे-ट्रिगर विकत घेणारे तयार झाले होते. काही शहाणे तोच गेम कॉम्प्युटरवर मोबाइलची नक्कल करणारा एम्युलेटर टाकून कीबोर्ड-माउसनं खेळायचे. कंपनीनं त्यांना ओळखलं आणि त्यांची गाठ फक्त एकमेकांशीच घालायला सुरुवात केली. अंगठेवाल्यांच्या मैदानात त्यांना यायचं असेल तर फोन हातात घ्यावा लागायचा.