नांव आणि आडनांव यांची जोड

बारशाच्या दिवशीं आत्या बाळाच्या कानांत ‘कुर्र’ करून जें नांव सांगते, तें एकटेंच असतें. आडनांव त्या वेळीं कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु पांच-सहा वर्षांनीं शाळेच्या हजेरीपटावर तेंच नांव आडनांवासह पुकारलें जातें, आणि पुढें जन्मभर हीं दोन्हीं बरोबर चालतात. म्हणून त्यांची जोड आधींच पारखणें इष्ट होय.

पहिला विचार लांबीचा. वर्धा जिल्ह्यांतील गांवांवरून आर्वीकर, देवळीकर, हिंगणघाटकर अशीं आडनांवें पडलीं आहेत. हिंगणघाटकर हें सात अक्षरांचें; त्यामागें ‘पुरुषोत्तम’ जोडल्यास उच्चारणाराची दमछाक होते, ‘मधु’ किंवा ‘उषा’ मात्र सहज शोभून दिसतें. उलट भावे हें आडनांव अवघें दोन अक्षरांचें. कुलाबा जिल्ह्यांतील गागोदें येथें १८९५ सालीं जन्मलेल्या विनायक नरहरी भावे यांच्या नांवांत चार, चार आणि दोन अशीं अक्षरें उतरत येतात. गांधीजींच्या सहवासांत विनायकाचे विनोबा झाले. १९२१ सालीं ते वर्ध्यास आले आणि ‘विनोबा भावे’ ही आटोपशीर जोड घरोघरीं पोहोंचली.

दुसरा विचार सांध्याचा. नांवाचें अंत्य अक्षर व आडनांवाचें आद्य अक्षर एकच असेल, तर बोलतांना दोन्हीं मिसळतात. ‘अमर राऊत’ हें घाईनें ‘अमराऊत’ असें ऐकूं येतें. ‘अमोल राऊत’ म्हटलें कीं ही अडचण उरत नाहीं.

तिसरा विचार यमकाचा. ‘सुधाकर आर्वीकर’ किंवा ‘श्याम मेश्राम’ हें कवितेच्या चरणासारखें वाटतें, आणि शाळेंतील सोबती तें लगेच हेरतात. पुनरुक्ति सर्वत्रच वाईट असते असें मात्र नाहीं. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांच्या नांवाच्या आरंभीं ‘ज’ आहे आणि आडनांवाच्या शेवटींहि ‘ज’ आहे. अंतर असल्यामुळें तो नाद गोडच लागतो.

मुलीच्या बाबतींत पुष्कळ घरीं हा विचार सोडून देतात. लग्नानंतर आडनांव बदलेलच, अशी समजूत असते. परंतु कायद्यानें तशी सक्ती नाहीं, आणि शिक्षणाचीं प्रमाणपत्रें बहुधा माहेरच्याच आडनांवानें मिळतात. तिचें नांवहि तितक्याच काळजीनें निवडलें पाहिजे.

आतां जोड दोघांचीच राहिलेली नाहीं. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या मुलांचें नांव शासकीय कागदपत्रांत स्वतःचें नांव, आईचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव अशा क्रमानें लिहावयाचें आहे. चारहि शब्द एकदां मोठ्यानें म्हणून पाहावेत.

घाईचें कारण नाहीं. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते. पण नांव ठरलें नसल्यास तें पुढें वर्षाच्या आंत विनाशुल्क नोंदवितां येतें.

राहिला प्रश्न आजोबांच्या नांवाचा, किंवा सत्तावीस नक्षत्रांच्या एकशें आठ चरणाक्षरांपैकीं वांट्यास आलेल्या अक्षराचा. तें आडनांवाशीं जुळत नसेल, तर पाळण्यांतलें नांव एक व व्यवहारांतलें दुसरें, ही जुनी तोड आहेच. मात्र ज्या नांवांत घराची खरी माया गुंतली आहे, तें केवळ कानाला खटकतें म्हणून टाकूं नये. हांक मारणाराच्या जिव्हाळ्यानें खडबडीत नांवहि गुळगुळीत होतें.