जिभेखालचा बंध आणि कारणाचा शोध

विचार न करता बोलणाऱ्याला आपण म्हणतो, ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’. जणू जीभ उचलणं ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. पण काही बाळांना तेच जमत नाही. त्यांच्या जिभेखालचा बंध इतका आखूड किंवा घट्ट असतो की जीभ वर जात नाही आणि खालच्या हिरडीच्या पुढेही येत नाही. डॉक्टर याला ‘टंग टाय’ म्हणतात. घरातली मंडळी ‘जीभ चिकटलीय’ म्हणतात. आम्ही काही डॉक्टर नव्हे, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. तरी हा विषय घेतला, कारण तो बंध कापायचा की नाही हा प्रश्न शेवटी कार्यकारणाचा आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. आरशासमोर जीभ वर उचला. खाली मधोमध एक पातळ घडी दिसेल. ती तुम्हा-आम्हा सर्वांना असते, तो काही आजार नव्हे. पूर्वी समज असा होता की तिथे एक दोरी आहे आणि ती जिभेला बांधून ठेवते. न्यूझीलंडच्या निकी मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं की ती सुटी दोरी नाही. तोंडाच्या तळाशी पसरलेल्या आवरणाची, जीभ उचलल्यावर वर येणारी ती घडी आहे. कुणाची पातळ, कुणाची जाड. कुणाची जिभेच्या टोकापर्यंत, कुणाची मागे. तेव्हा ‘बंध दिसतो’ हे एक विधान झालं आणि ‘बंधामुळे त्रास होतो’ हे दुसरं. पहिल्यावरून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही.

त्रास कोणता? पहिला दूध पिण्याचा. बाळ जीभ खालच्या हिरडीवर पसरून स्तनाला खोलगट आधार देतं. जीभ पुढे आली नाही तर ते हिरड्यांनी चावल्यासारखं करतं. आईच्या स्तनाग्राला चिरा पडतात, वेदना होतात. बाळ तासन् तास पितं, तरी वजन वाढत नाही. ही वेदना खरी असते. ‘सगळ्यांनाच होतं, सहन कर’ असं त्या आईला सांगणं हा अन्याय आहे.

पण हाच त्रास इतर कारणांनीही होतो. बाळाला नीट न धरणं, तोंडात पुरेसा भाग न जाणं, बाळ अपुऱ्या दिवसांचं असणं. इथे आपल्या नैयायिकांची जुनी कसोटी उपयोगी पडते: अन्वय आणि व्यतिरेक. कारण आहे तिथे कार्य आहे का? कारण नाही तिथे कार्य नाही का? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीचा २०२४ चा अहवाल सांगतो की बंध दिसणाऱ्या निम्म्याहून कमी बाळांनाच दूध पिताना अडचण येते. म्हणजे अन्वय इथेच ढिला पडतो. तरी त्याच देशातल्या रुग्णालयांत या निदानाच्या नोंदी १९९७ मध्ये सुमारे ३,९०० होत्या, त्या २०१२ मध्ये सुमारे ३२,८०० झाल्या. पंधरा वर्षांत बाळांच्या जिभा बदलल्या नाहीत. बदलली ती बघणाऱ्यांची नजर.

मग कापल्याने गुण येतो का? २०१७ मध्ये कॉक्रेन समूहाने पाच चाचण्या एकत्र तपासल्या, एकूण ३०२ बाळं. आईची वेदना काही काळ कमी झाली. बाळाचं पिणं सुधारलं असं मात्र खात्रीने म्हणता आलं नाही. ब्रिटनमधल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. १६९ बाळांपैकी एका गटाचा बंध कापून स्तनपानाचं मार्गदर्शन द्यायचं, दुसऱ्याला फक्त मार्गदर्शन. तीन महिन्यांनी आईचं दूध मिळणाऱ्यांचं प्रमाण ८८ आणि ८६ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. पण गंमत बघा, दुसऱ्या गटातल्याही बहुतेक बाळांचा बंध पुढे कापला गेला! व्यतिरेक तपासायला जागाच उरली नाही. बाळ दिवसागणिक शिकत असतं, आईही शिकत असते. त्यामुळे ‘कापलं आणि सुधारलं’ यात कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडलेली असू शकते.

याचा अर्थ शस्त्रक्रिया वाईट असा नाही. मार्गदर्शन घेऊनही वेदना थांबत नसेल आणि जीभ खरोखर अडत असेल, तर ती करावी. तान्ह्या बाळाला कपड्यात गुंडाळतात, जीभ वर उचलतात, बोथट टोकाच्या कात्रीने पातळ पडदा कापतात. रक्ताचे थेंब येतात, ते कापसाच्या घडीने दाबतात आणि बाळाला लगेच आईजवळ देतात. नंतर काही दिवस तिथे पांढरट-पिवळट डाग दिसतो. तो पू नव्हे, जखम भरतेय. घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल तर आधी सांगावं. मोठ्या मुलांना मात्र बहुधा भूल द्यावी लागते, टाकेही घालतात. लेझर महाग पडतं. पण ते कात्रीपेक्षा सरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

आता बोलण्याविषयी. मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, म्हणून जीभ कापून घ्यायला निघालेल्या पालकांनी एक साधा विचार करावा. ‘आई’, ‘बाबा’, ‘मामा’ म्हणायला जिभेचं टोक उचलावं लागत नाही. हेही शब्द येत नसतील तर दोष बंधावर ढकलून चालणार नाही. आधी कान तपासा. ऐकू येत नसेल आणि आपण जिभेत अडकून पडलो, तर भाषा शिकण्याची मोलाची वर्षं हातची जातील. तोतरेपणाचाही बंधाशी संबंध नाही. ल, र, ळ अशा काही उच्चारांत अडचण येऊ शकते. तिथे वाचा-उपचारतज्ज्ञाने ऐकून ठरवावं.

दक्षिण कोरियात तर काही पालकांनी मुलांना इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ नीट यावेत म्हणून ही शस्त्रक्रिया करवली. तिथल्या मानवाधिकार आयोगाच्या २००३ च्या चित्रपटात या प्रकारावर एक लघुपट आहे. अमेरिकेत वाढलेली कोरियन मुलं त्याच जिभेने हे उच्चार सहज करतात. म्हणजे अडचण कानावरच्या संस्कारांची होती, कात्री मात्र जिभेवर चालली.

तेव्हा डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा. नेमकं कोणतं काम अडलं आहे? त्याची दुसरी कारणं तपासली का? आणि कापल्यानंतर काय बदललं म्हणजे उपयोग झाला असं आपण मानायचं? उत्तरं समाधानकारक असतील तर घाबरू नका, छोटीशी शस्त्रक्रिया आहे. नसतील तर थोडं थांबा, आणि त्या काळात आईला मदत करा. ती मदत मात्र थांबवू नका.