हौद्यातलं अस्तर दारावर

अमेरिकेत युटा राज्यातल्या मोआबजवळ वाळूखडकाच्या वाटा आहेत. तिथे ट्रक घेऊन जाणाऱ्याला जुनिपरच्या वाळक्या फांद्यांपासून सुटका नसते. वाट अरुंद झाली की फांदी दारावरून करकरत मागे जाते आणि बॉनेटपासून मागच्या दिव्यापर्यंत रेघा उमटवून जाते. रेघा निदान वरवरच्या असतात. पुढच्या चाकाने उडवलेले खडे दाराच्या खालच्या कडेवर आणि मागच्या फेंडरवर बसतात तेव्हा रंगाचा टवकाच उडतो आणि आतला पत्रा उघडा पडतो. असं सोसून झालेल्या अनेक मालकांनी मग वेगळाच मार्ग धरला. पिकअपच्या हौद्यात मारतात ते काळं, खरखरीत, रबरासारखं अस्तर त्यांनी गाडीला सगळ्या बाजूंनी मारून घेतलं. आपल्याकडे थार आणि जिम्नीचे हौशी मालकही आता गॅरेजमध्ये याची चौकशी करू लागले आहेत. सह्याद्रीत जुनिपर नसला तरी करवंदीच्या जाळ्या आहेत, बोरी आहेत, बाभळी आहेत.

या अस्तराचं बळ नेमकं कशात आहे, हे कळायला आधी कारखान्यातून आलेला रंग पाहायला हवा. पत्रा फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात, मग टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर पहिला थर बसवतात. हा थर असतो जेमतेम २० मायक्रॉनचा, पण गंजाशी खरा मुकाबला तोच करतो. त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर चकाकी देणारा क्लिअर कोट. हे सगळं मिळून १०० ते १५० मायक्रॉन होतं, म्हणजे मिलिमीटरचा फार तर सातवा हिस्सा. क्लिअर कोट कडक असतो आणि त्या कडकपणामुळेच आरशासारखा चमकतो. पण वेगाने आलेल्या खड्याची ऊर्जा जिरवायला त्याच्याकडे ना जाडी असते, ना लवचिकपणा. धक्का सरळ खाली पोचतो, थर तडकतो आणि टवका निघतो.

हौद्याचं अस्तर कडक राहून मार अडवत नाही. ते दबतं, ताणलं जातं आणि पुन्हा जागेवर येतं. खडा आदळला की त्याच्या ऊर्जेचा बराच भाग या ताणण्यात आणि आतल्या घर्षणात उष्णता होऊन जिरतो, उरलेली ऊर्जा खड्याला परत मिळते आणि तो उसळून जातो.

हे अस्तर हौद्यात आलं त्यामागे पाण्याचा त्रास होता. अमेरिकेत पूर्वी पिकअपच्या हौद्यात प्लास्टिकचा तयार साचा ठेवून देत. गाडी हादरली की तो पत्र्यावर घासायचा, रंग खरवडायचा, आणि साचा व पत्रा यांच्यामधल्या फटीत शिरलेलं पाणी तिथेच मुरायचं. वरून हौदा ठणठणीत दिसायचा आणि साचा उचलला की खाली गंजाचे पोपडे निघायचे. पत्र्याला घट्ट चिकटून राहील आणि मध्ये फटच ठेवणार नाही असं अस्तर फवारता आलं, तर हा प्रश्न मुळातच मिटणार होता. तसं अस्तर फवारून देण्याचा धंदा १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिकडे उभा राहिला. फट नसणं ही या अस्तराची मूळ अट आहे, आणि गाडीच्या दारावर मारतानाही सगळ्यात आधी हीच अट मोडते. त्याकडे मी पुढे येतोच.

आधी रसायन. या अस्तराच्या मुळाशी आयसोसायनेट नावाचा रासायनिक गट आहे. त्यात नायट्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन हे तीन अणू ओळीने दुहेरी बंधांनी जोडलेले असतात. दोन्ही टोकांचे अणू इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, त्यामुळे मधला कार्बन इलेक्ट्रॉनसाठी भुकेला राहतो. अल्कोहोल गटाशी गाठ पडली की त्यातून युरेथेन तयार होतं, अमाइनशी पडली तर युरिया. दोन्ही टोकांना असे गट असलेले रेणू एकमेकांत मिसळले की लांबच लांब साखळ्या बनतात. युरेथेनच्या साखळ्यांचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, मार्ग जर्मनीत लेव्हरकुझेन इथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधला. अमाइनचा, म्हणजे पॉलियुरियाचा, मार्ग कितीतरी वेगवान, इतका की नळीतच सगळं गोठून बसायची भीती. तो फवारणीच्या कामाला जुंपला गेला १९८० च्या दशकात, अमेरिकेतल्या टेक्सॅको केमिकलच्या प्रयोगशाळेत.

या साखळ्यांची रचना मला फार सुंदर वाटते. प्रत्येक साखळीत काही तुकडे ताठ असतात, काही मऊ. ताठ तुकड्यांमधले युरिया गट हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून बसतात आणि त्यांचे छोटे छोटे घट्ट पुंजके होतात. मऊ तुकडे या पुंजक्यांच्या मध्ये वेटोळी घालून सैल पडलेले असतात. ताण आला की वेटोळी उलगडतात, पुंजके त्यांना निसटू देत नाहीत, आणि ताण गेला की सगळं परत गोळा होतं. एकाच पदार्थात रबराचा लवचिकपणा आणि चिवटपणा एकत्र नांदतात ते यामुळे.

अशा घाईच्या रसायनाला यंत्रही तसंच लागतं. दोन घटक दोन वेगळ्या पिंपांतून गरम नळ्यांमधून येतात. त्यांचं तापमान साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअस आणि दाब २००० पीएसआयच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. गाडीच्या टायरमध्ये हाच दाब ३० ते ३५ असतो. बंदुकीच्या तोंडाशी दोन्ही धारा समोरासमोर आदळतात, त्या आदळण्यातच मिसळतात आणि बाहेर पडतात. काही सेकंदांत थेंब घट्ट होऊ लागतो. पसरून सपाट व्हायला त्याला वेळच मिळत नाही, म्हणून पृष्ठभाग खरखरीत होतो.

कडेचं काम पाहण्यासारखं असतं. एवढ्या जाड आणि चिवट थरातून साधा मास्किंग टेप नीट निघत नाही. वाळल्यावर ओढला तर थराचे लचके तुटतात. म्हणून खास टेप मिळतो, ज्याच्या कडेत बारीक तार असते. फवारणी झाली की थर अजून कच्चा असतानाच ती तार वर ओढायची. तार थर कापत जाते आणि सरळ रेघ मिळते. उशीर झाला की तार अडकते, घाई झाली तर कडा ओघळते. कसबी कारागीर बोटाने हळूच दाबून बघतो आणि वेळ ओळखतो.

साध्या गॅरेजला ही महागडी यंत्रणा परवडत नाही. तिथे वापरतात ते दोन घटकांचं, संथ गतीने वाळणारं पॉलियुरेथेन. ब्रिटनच्या यू-पोल कंपनीचं रॅप्टर हे त्यातलं सर्वात परिचित नाव. अस्तराचे तीन भाग आणि हार्डनरचा एक भाग बाटलीत घालून हलवायचे, बाटली थेट बंदुकीला जोडायची आणि कॉम्प्रेसरच्या हवेवर दोन-तीन हात मारायचे. पोत इथे माणसाच्या हातात असतो. हवेचा दाब वाढवला आणि थोडा थिनर घातला तर दाणा बारीक येतो. दाब कमी केला तर जाड, ठळक दाणा पडतो. हवा तो रंगही मिसळता येतो. वर्कशॉपच्या यंत्राने मारलेल्या पॉलियुरियाची जाडी मिलिमीटरात मोजावी लागते. बाटलीतलं अस्तर त्यामानाने पातळ असतं, तरी कारखान्याच्या रंगाच्या कितीतरी पट जाड.

ओरखडे न दिसण्याचं कारण मात्र निम्मं प्रकाशात आहे. चकचकीत पृष्ठभागावर प्रकाश एकाच दिशेने परततो, त्यामुळे केसाएवढी रेघही उठून दिसते. खरखरीत पृष्ठभाग मुळातच प्रकाश सगळीकडे विखुरतो. त्यावर आणखी एक बारीक चरा पडला तर डोळ्याला फरक कळत नाही. याच पोतामुळे डागडुजीही सोपी होते. खरवडलेल्या जागेवर पुन्हा फवारलं की जोड बराचसा मिसळून जातो. फक्त पहिल्या वेळचा दाणा साधला पाहिजे.

या रसायनाच्या ताकदीबद्दल जी वर्णनं ऐकू येतात त्यांचं मूळ अमेरिकी लष्करात आहे. १९९६ मध्ये सौदी अरेबियातल्या खोबार टॉवर्सवर स्फोट झाला आणि १९ अमेरिकी हवाई सैनिक ठार झाले. स्फोटात भिंतीचे आणि काचांचे तुकडे गोळ्यांसारखे उडतात, ते कसे अडवायचे हा प्रश्न ऐरणीवर आला. फ्लोरिडातल्या टिंडॉल हवाई तळावर संशोधकांनी भिंतींना आतून असे पॉलिमर फवारून स्फोट घडवून पाहिले. भिंत वाकली, तडकली, पण अस्तराने तुकडे धरून ठेवले. पुढे अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अतिवेगवान आघातात पॉलियुरियाच्या साखळ्यांना हलायलाच सवड मिळत नाही, त्या क्षणी पदार्थ रबराकडून काचेसारख्या अवस्थेकडे जातो, आणि या संक्रमणात प्रचंड ऊर्जा गिळतो. हे ऐकून आपली गाडी चिलखती झाली असं मात्र समजू नये. चाकाने उडवलेला खडा त्या वेगाच्या जवळपासही नसतो. गाडीवर कामाला येतो तो पदार्थाचा रबरी स्वभाव.

आता उन्हाकडे. हौद्यात मारायचं स्वस्त अस्तर ॲरोमॅटिक आयसोसायनेटपासून, म्हणजे बेंझीनची कडी असलेल्या रेणूंपासून बनतं. ही कडी अतिनील किरण शोषून घेते आणि रेणूंत बदल होऊ लागतात. आधी पिवळसर झाक येते, मग काळा रंग राखाडी पडतो आणि बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी लागते. हौद्यात कोणी त्याकडे पाहत नाही. छतावर आणि बॉनेटवर ते दोन-चार उन्हाळ्यांत डोळ्यांना खुपतं. ॲलिफॅटिक आयसोसायनेटमध्ये ही कडी नसते, त्यामुळे रंग टिकतो, पण माल महाग पडतो. गाडीच्या बाहेर मारायचं असेल तर माल ॲलिफॅटिक हवा, निदान वर तसा थर हवा. गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारावा.

आणि आता ती फट. आरशासारख्या क्लिअर कोटवर अस्तर थेट मारलं तर ते वरवर बसतं. मग प्रेशर वॉशरच्या धारेने एखादी कडा उचलली की सापाच्या कातीसारखं सोलून येतं. ते टाळायचं तर सगळा पत्रा १८० नंबरच्या आसपासच्या पॉलिश पेपरने मॅट होईपर्यंत घासायला हवा, हँडलच्या खाली आणि बिजागरीच्या बेचक्यातसुद्धा. गंज मुळापासून काढायला हवा, उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर हवा. दिवसभराची ही मेहनत फवारणीनंतर कुणाला दिसत नाही, म्हणून तीच चुकवली जाते.

साध्या रंगाखाली गंज धरला तर मसुराएवढा फोड येतो आणि मालक सावध होतो. जाड, चिवट अस्तराखाली तो फोड दिसतच नाही. अस्तर कुठेतरी पत्र्यापर्यंत फाटतं, तिथून पाणी आणि मीठ आत शिरतं, चिकटलेली हद्द हळूहळू सोडवत जातं. वरून गाडी दणकट दिसते आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आत जातो. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत हा धोका मोठा आहे. दाराच्या तळाशी पाणी निथळायला जी बारीक भोकं असतात, ती अस्तराने बुजली तर पाणी आतच साचतं आणि दार आतून बाहेर गंजतं. फवारणीआधी ही भोकं बंद करावीत आणि नंतर एकेक तपासून उघडावीत. पावसाळ्यात बाटलीतलं पॉलियुरेथेन मारूच नये असं मला वाटतं. आयसोसायनेट पाण्याशीही संयोग पावतं आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो. जुलैच्या ओलसर हवेत थरात बुडबुडे राहायला तेवढं पुरतं.

वजनाचा हिशेब सरळ आहे. या पदार्थाची घनता पाण्याहून थोडी जास्त, म्हणजे १ मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरमागे साधारण १.१ किलो. बाहेरचा पृष्ठभाग १५ चौरस मीटर धरला आणि थर २ मिलिमीटरचा, तर ३३ किलो. कारखान्याचा अख्खा रंग त्याच जागेवर दोन-अडीच किलोंत बसतो. शिवाय खरखरीत पोतात चिखल रुतून बसतो आणि लाल मातीची गाडी धुताना ब्रशने घासावी लागते.

म्हणून अख्खी गाडी अस्तराने मढवणं मला पटत नाही. खडे बसतात ते खाली. दाराचा खालचा तिसरा हिस्सा, पायरीखालची पट्टी, चाकांच्या कमानी, बंपर इथे हे अस्तर अगदी चपखल आहे आणि वजनही चार-सहा किलोंवर राहतं. छताला आणि बॉनेटला रंगच शोभतो आणि टिकतोही. वरच्या भागाचा मूळ रंग राखला की आरसीवरच्या रंगाच्या नोंदीचा प्रश्नही सहसा उद्भवत नाही. सगळ्या गाडीचा रंग बदलला तर आरटीओत जाऊन ती नोंद बदलून घ्यावी लागते.

सगळ्यात गंभीर बाब गाडीची नसून फवारणाऱ्या माणसाची आहे. भोपाळमध्ये १९८४ साली डिसेंबरच्या २ आणि ३ तारखांमधल्या रात्री जो वायू पसरला, तो मिथाइल आयसोसायनेट होता. हौद्याच्या अस्तरातले रेणू त्याहून बरेच मोठे असतात आणि साध्या तापमानाला फारसे उडत नाहीत. पण गरम करून फवारले की त्यांचं धुकं होतं आणि ते थेट फुप्फुसात जातं. शरीराला एकदा त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी अल्प मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. मिशिगनमध्ये हे अस्तर फवारणारा एक कामगार अशाच झटक्याने दगावला. २००६ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, हौद्याची अस्तरं फवारणाऱ्यांसाठी स्वतंत्र इशारा काढला. त्यात बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा वापरायला सांगितलं आहे. आपल्याकडच्या कित्येक गॅरेजांत तोंडावर नुसता रुमाल असतो. वास आला तर थांबू, हा भरवसाही खोटा, कारण वास जाणवेपर्यंत हवेतलं प्रमाण सुरक्षित मर्यादेपलीकडे गेलेलं असतं.

रोलरने लावायची अस्तरंही बाजारात मिळतात. त्यांतल्या अनेकांतही आयसोसायनेट आणि उडणारं सॉल्व्हंट असतं, म्हणून हातमोजे, डब्यावर सांगितलेला मुखवटा आणि मोकळी हवा लागतेच. पण त्यात फवाऱ्याचं धुकं होत नाही. दाणा तितका एकसारखा येत नाही, पण दाराच्या खालच्या पट्टीवर तो तसा असण्याची गरजही नसते. हे काम सुट्टीच्या दिवशी स्वतः करायचं मनात असेल, तर डबा रोलरचाच घ्यावा आणि गाडी बंद पार्किंगमधून बाहेर अंगणात काढावी.