निव्वळ स्तनपानाकडून पूरक आहाराकडे : मातांच्या निर्णयाची वेळ आणि कारणे

प्रस्तावना

अर्भकाला पहिला घास भरविण्याच्या विधीस महाराष्ट्रात 'उष्टावण' म्हणतात. कुटुंबाच्या दृष्टीने हा आनंदाचा प्रसंग असतो. पोषणशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो बालकाच्या वाढीतील अत्यंत नाजूक संक्रमणाचा आरंभ असतो. हे संक्रमण भारतात दोन परस्परविरोधी दोषांनी ग्रासलेले दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण - ५ (२०१९-२१) नुसार सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के अर्भकांना निव्वळ स्तनपान मिळत होते; म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक अर्भकांना दुधाखेरीज पाणी, वरचे दूध वा अन्न वेळेआधीच दिले जात होते. याच सर्वेक्षणात ६ ते ८ महिने वयाच्या बालकांपैकी केवळ ४५.९ टक्के बालकांना स्तनपानासोबत घन वा अर्धघन आहार मिळत असल्याचे आढळले. एकीकडे घाई आणि दुसरीकडे दिरंगाई असे हे चित्र आहे. माता हा निर्णय केव्हा व का घेतात आणि या दोन्ही दोषांमागे कोणती कारणे आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

१. सहा महिन्यांचा निकष

पूर्वी पूरक आहाराच्या आरंभासाठी 'चार ते सहा महिने' असा लवचीक कालावधी सांगितला जात असे. मायकेल क्रेमर व रित्सुको काकुमा यांनी उपलब्ध संशोधनाचा पद्धतशीर आढावा घेतला. सहा महिने निव्वळ स्तनपान मिळालेल्या अर्भकांत जठरांत्रमार्गाचे संसर्ग कमी आढळतात व त्यांच्या वाढीत उणीव राहत नाही, असे त्यातून दिसून आले. २००१ साली जागतिक आरोग्य सभेने सहा महिने निव्वळ स्तनपानाची शिफारस स्वीकारली. भारतात १९९२ च्या शिशुदुग्धपर्यायविषयक कायद्यात २००३ साली दुरुस्ती होऊन शिशुआहाराच्या व्याख्येतील चार महिन्यांची मर्यादा सहा महिन्यांवर नेण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही सहा महिने, म्हणजे १८० दिवस, हाच निकष कायम आहे.

या निकषामागे शरीरशास्त्रीय कारणे आहेत. पूर्ण दिवसांच्या अर्भकाला जन्मतः मिळालेला लोहाचा साठा साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत पुरतो. मातेच्या दुधात लोहाचे प्रमाण अल्प असल्याने पुढील गरज आहारातूनच भागवावी लागते. याच सुमारास अर्भक मान सावरू लागते, आधाराने बसते आणि तोंडातील पदार्थ जिभेने बाहेर ढकलण्याची सहजप्रवृत्ती मावळते. थोडक्यात, आहाराची गरज आणि तो घेण्याची क्षमता एकाच टप्प्यावर येतात.

येथे एक भाषिक संभ्रम लक्षात घेण्यासारखा आहे. गृह्यसूत्रांत अन्नप्राशनासाठी सहावा महिना सांगितला आहे. लोकरूढीत मुलाचे उष्टावण सम महिन्यात व मुलीचे विषम महिन्यात करण्याची प्रथा आढळते. परंतु 'सहावा महिना लागणे' म्हणजे पाच महिने पूर्ण होणे होय. 'सहा महिने पूर्ण होणे' ही निराळी गोष्ट आहे. त्यातच मुलीचे उष्टावण पाचव्या महिन्यात केल्यास ते वेळेआधी होते आणि मुलाचे आठव्या महिन्यावर ढकलल्यास महिन्याहून अधिक विलंब होतो. विधी आणि नियमित आहार यांचा आरंभ एकाच दिवशी झाला पाहिजे असे नाही, एवढे स्पष्ट केले तरी परंपरेशी संघर्ष न करता हा प्रश्न सुटू शकतो.

२. घाईची कारणे

वेळेआधी अन्य पदार्थ सुरू करण्यामागे 'दूध पुरत नाही' ही मातेची धारणा सर्वत्र प्रमुख कारण म्हणून पुढे येते. बाळ वारंवार रडणे, रात्री जागणे, थोड्या थोड्या वेळाने दूध मागणे ही भुकेची लक्षणे मानली जातात. प्रत्यक्षात वाढीच्या काही टप्प्यांत अर्भक अधिक वेळा दूध ओढते व त्यामुळेच दुधाची निर्मिती वाढते. अशा वेळी वरचे दूध वा पेज दिल्यास ओढणे कमी होते, निर्मिती घटते आणि आरंभी केवळ शंका असलेली गोष्ट खरी ठरते. दूध पुरेसे आहे की नाही याचा खरा निर्देशांक रडणे नसून वजनवाढ हा आहे.

दुसरे कारण रूढींचे आहे. नवजात बालकाला मध चाटविणे, बाळगुटी देणे, उन्हाळ्यात पाणी पाजणे या गोष्टी प्रेमापोटीच केल्या जातात. मातेच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते, त्यामुळे वेगळ्या पाण्याची गरज नसते. मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार उद्भवू शकतो; म्हणून तो वर्षाच्या आत देणे टाळावे लागते.

तिसरे कारण मातेच्या श्रमाशी निगडित आहे. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्वरजा १२ वरून २६ आठवडे झाली व सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती तरतूद कायम आहे. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. हा हिशेब सहा महिन्यांशी जुळतो. परंतु यांपैकी आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतल्यास नंतर अठराच उरतात आणि मातेला चार महिन्यांच्या बाळाला घरी ठेवून कामावर जावे लागते. शेतमजूर, ऊसतोडणी कामगार वा घरकाम करणाऱ्या स्त्रियांना तर पगारी रजाच नसते. त्यांच्या बाबतीत वरचे अन्न लवकर सुरू होणे हे अज्ञानाचे नव्हे, तर परिस्थितीचे फलित असते.

३. दिरंगाईची कारणे

दिरंगाईची कारणे वेगळ्या स्वरूपाची आहेत. 'दात आल्याशिवाय अन्न देऊ नये', 'डाळ पचत नाही', 'अन्नाने पोट बिघडेल' असे समज अनेक कुटुंबांत आढळतात. वास्तविक मऊ केलेले अन्न हिरड्यांनीही चिरडता येते. पोट बिघडण्याची भीती मात्र निराधार नाही. पण तिचे मूळ अन्नात नसून बहुधा अस्वच्छ हात, दूषित पाणी व दुधाच्या बाटलीत असते. याशिवाय लहान बाळाला भरविणे हे वेळखाऊ काम आहे. दिवसभर कष्ट करणाऱ्या मातेला दोन-तीन वेळा वेगळे रांधून शांतपणे भरविणे शक्य होत नाही. अंगावरचे दूध मात्र केव्हाही उपलब्ध असते.

४. आरंभानंतरचा प्रश्न : दाटपणा आणि विविधता

वेळ साधली तरी आहार पुरेसा असतोच असे नाही. सरासरी प्रमाणात मातेचे दूध घेणाऱ्या बालकाला पूरक आहारातून ६ ते ८ महिने वयात दररोज सुमारे २०० किलोकॅलरी, ९ ते ११ महिन्यांत ३०० आणि १२ ते २३ महिन्यांत ५५० किलोकॅलरी मिळणे आवश्यक असते. बालकाच्या जठराची क्षमता मात्र दर किलो वजनामागे सुमारे ३० मिलीलीटर, म्हणजे सात किलोच्या बाळाला जेमतेम एक वाटी, इतकीच असते. वरणाचे वरचे पाणी किंवा पातळ पेज यांनी ही वाटी भरते, पण गरज भागत नाही. चमच्यावरून न ओघळण्याइतके दाट खिमट, कुस्करलेला वरणभात व त्यावर तूप हे अधिक योग्य ठरते. एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, तुपातून सुमारे ४५ किलोकॅलरी मिळतात. नाचणीला मोड आणून केलेल्या सत्त्वाची परंपराही शास्त्रसंमत आहे. मोड येताना निर्माण होणारे विकर पिष्टमय पदार्थांचे विघटन करते, त्यामुळे अधिक पीठ घालूनही खीर गिळण्याजोगी राहते.

केवळ धान्यावर भागत नाही. डाळी, पालेभाज्या, फळे, अंडी, मासे यांचा समावेश लोह व प्रथिनांसाठी आवश्यक असतो. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ६ ते २३ महिने वयाच्या केवळ ११.३ टक्के बालकांना किमान पुरेसा आहार मिळत होता, तर ६ ते ५९ महिने वयाची ६७.१ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त होती. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी या दोन आकड्यांतील नाते दुर्लक्षिता येत नाही.

समारोप

पूरक आहाराच्या आरंभाची वेळ शास्त्राने निश्चित केली आहे. मातेचा निर्णय मात्र बाळाचे रडणे, घरातील वडीलधाऱ्यांचा शब्द, रजेची मुदत आणि दिवसाची मजुरी यांनी घडतो. म्हणून 'सहा महिने' हा आकडा पाठ करून घेणारे प्रबोधन अपुरे ठरते. घाई करणाऱ्या मातेला दुधाच्या पुरेपणाविषयी विश्वास व कामाच्या ठिकाणी पाळणाघर हवे असते. दिरंगाई करणाऱ्या मातेला भरविण्यासाठी वेळ व घरातील इतरांचा हातभार हवा असतो. दोघींना एकच उपदेश करून भागणार नाही. उष्टावणाचा घास बाळाच्या मुखी जातो, पण तो केव्हा व कसा जावा याची जबाबदारी एकट्या मातेची नसते, याची जाणीव कुटुंब, कार्यस्थळ आणि शासन या तिन्ही स्तरांवर रुजणे अगत्याचे आहे.